उत्तराआधीचा वेळ

१९४५ साली ताराबाई मोडक मुंबई सोडून बोर्डीला राहायला आल्या तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. दादरचं शिशुविहार १९३६पासून चालू होतं आणि त्याचा लौकिक झाला होता. नूतन बालशिक्षण संघामुळे आणि शिक्षणपत्रिकेमुळे गुजराती आणि मराठी अशा दोन्ही भाषांतल्या सुशिक्षित घरांत त्यांचं नाव पोहोचलं होतं. मुलाला मारू नये, धाक घालू नये, त्याच्या हाताला काम द्यावं आणि ते काय करतंय ते पाहावं, एवढं पटवून देण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. आता बसल्या जागी मान मिळण्याचे दिवस होते, आणि नेमकं तेव्हाच त्यांनी ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचं, समुद्राकाठचं एक गाव निवडलं. त्याच सुमाराला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांना अनुताई वाघ भेटल्या. अनुताई तेव्हा ३५ वर्षांच्या होत्या. लहानपणीच लग्न आणि लगोलग वैधव्य, मग शिक्षिकेची नोकरी आणि रात्रशाळेत बसून मॅट्रिक, असं त्यांचं तोवरचं आयुष्य. पुढची ४७ वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी हेच काम केलं.

बोर्डीत पहिली अडचण अगदी साधी होती. मुलं येईनात. बालवाडी काढली, जागा झाडली, साहित्य मांडलं, तरी दलित वस्तीतली आणि पाड्यांवरची मुलं तिकडे फिरकेनात. आईबाप मजुरीला जात, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन हिंडे, आणि ‘शाळा’ या जागेशी त्या घरांचा आजवर काहीच संबंध आलेला नव्हता. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. मुलांची तोंडं धुवायची, केस विंचरायचे, नखं कापायची, गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या आणि तिथेच जे हाताला लागेल ते घेऊन खेळ मांडायचा. अंगणात मूल आधीपासूनच होतं, तिथे आता बाई येऊन बसली. आज देशभर ज्या योजनेची केंद्रं अंगणवाडी म्हणून ओळखली जातात, तिची सुरुवात या अडचणीत आहे.

हा इतिहास पुष्कळांना माहीत असतो. पण तो सांगताना आपण बहुतेकदा त्यागाबद्दल बोलतो आणि पुढे जातो. मला त्यातली शिक्षणाची बाजू महत्त्वाची वाटते. अंगणात बसलेल्या बाईला पहिले कित्येक दिवस शिकवण्याऐवजी पाहावं लागलं. मुलं कशाने खेळतात, कशावर भांडतात, काय मोजतात, कशाला नाव देतात, कोणता किडा पाहून थांबतात आणि कोणता पाहून पळतात, हे कळल्याशिवाय पुढचं पाऊल टाकताच येणार नव्हतं. जिज्ञासेवर आधारलेलं शिक्षण म्हणून आज ज्याचा गाजावाजा होतो, त्याचा गाभा हाच आहे. मोठ्या माणसाने आधी पाहायचं आणि बोलायची घाई करायची नाही. हे अवघड काम आहे आणि त्याला वेळ लागतो. तो वेळ कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही, हा या लेखाचा विषय आहे.

ताराबाईंना ही दृष्टी भावनगरला मिळाली. गिजुभाई बधेका मूळचे वकील. पूर्व आफ्रिकेत राहून आलेले, काठियावाडात वकिली चांगली चाललेली. १९१३ साली मुलगा झाला आणि या मुलाला कसं वाढवावं या विचारातून त्यांच्या हाती माँटेसोरीबाईंचं लिखाण आलं. १९१६मध्ये ते नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० साली तिथे बालमंदिर उघडलं. भरघोस मिशांच्या या माणसाला गुजरातने ‘मूछाळी मा’ म्हटलं. ताराबाई राजकोटची नोकरी सोडून त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

माँटेसोरी पद्धत म्हटलं की आज डोळ्यांसमोर येते ती महागडी शाळा, पॉलिश केलेली लाकडी साधनं आणि मांडणीत ठेवलेल्या छोट्या चटया. तिचा जन्म मात्र ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब मजूरवस्तीत झाला. दिवसभर कामावर जाणाऱ्या आईबापांची मुलं जिन्यांवर आणि भिंतींवर धुडगूस घालतात, म्हणून इमारतीच्या मालकांना त्यांची सोय लावायची होती. मारिया माँटेसोरी डॉक्टर होत्या. त्यांनी मुलांचं निरीक्षण केलं, दवाखान्यात रुग्णाचं करतात तसं, नोंदी ठेवून. ऑक्टोबर १९३१मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेल्या गांधीजींनी माँटेसोरी प्रशिक्षण महाविद्यालयात भाषण केलं तेव्हा त्यांनीही हीच आशा बोलून दाखवली, की हे शिक्षण सधनांच्या मुलांपुरतं न राहता दरिद्री घरांतल्या मुलांपर्यंत जावं. १९३९ साली माँटेसोरीबाई मद्रासजवळच्या अड्यारला आल्या. युद्धात इटली इंग्रजांविरुद्ध उतरली तसे त्या आणि त्यांचा मुलगा मारिओ शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले, आणि मारिओला काही काळ आपल्या अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध ठेवण्यात आलं. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, ३१ ऑगस्ट १९४०ला, त्याची सुटका झाली. पुढे कोडाईकनालच्या डोंगरात राहताना त्यांनी मुलं आणि निसर्ग यांच्या नात्यावर बरंच काम केलं. रोममध्ये खोलीतल्या साधनांपासून सुरू झालेला विचार इथे झाडापानांत शिरला.

बोर्डीत आणि पुढे कोसबाडला ताराबाई-अनुताईंनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. आयात केलेली साधनं परवडणारी नव्हती, आणि ती त्या मुलांच्या ओळखीचीही नव्हती. बोर्डीच्या किनाऱ्यावर शंखशिंपले होते. रानात बिया होत्या, चिंचोके होते, निरनिराळ्या आकारांची पानं होती, बांबू होता, माती तर पायाखालीच होती. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे सगळं त्यातून करता येत होतं. चिंचोका ओळखायला मुलाला शिकवावं लागत नाही. तो पाण्यात बुडतो आणि एखादं सुकं फळ का तरंगतं, हे विचारायला त्याला मोकळीक लागते एवढंच.

१९५७च्या सुमाराला हे काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथे प्रामुख्याने वारली वस्ती. हा तोच टापू, जिथे १९४५ सालीच गोदावरी परुळेकरांच्या सोबत वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. टेकडीवरच्या शिक्षिकांना इथे आणखी एक गोष्ट दिसली. पाच-सात वर्षांचं मूल या समाजात बेकार नसतं. मुलगी धाकट्याला सांभाळते, मुलगा गुरं राखतो. त्याला शाळेत ये म्हणणं म्हणजे घरातला एक कामाचा हात मागणं. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली, त्या सगळ्याला विकासवाडी म्हणत. मोठी बहीण धाकट्याला घेऊनच येई, त्याला पाळणाघरात ठेवी आणि स्वतः वर्गात बसे. जी मुलं गुरांमागे जात त्यांच्यासाठी शिक्षक कुरणावर गेले. ती कुरणशाळा.

कुरणशाळेकडे गैरहजेरीवरचा एक उपाय म्हणून पाहणं मला अपुरं वाटतं. गुराखी मुलाला कोणतं गवत गाय खाते आणि कोणतं सोडते हे माहीत असतं. ढग कोणत्या बाजूने आला की गुरं वळवायची, बिळाच्या तोंडाशी ताजी माती दिसली तर आत काय असेल, कोणत्या पाखराचा आवाज बदलला की साप जवळ आहे असं समजायचं, हे त्याने बघून बघून, चुकून, भावाला विचारून कमावलेलं ज्ञान असतं. निरीक्षण, अंदाज, पडताळा या तिन्ही गोष्टी त्यात आहेत. शाळेच्या खोलीत तेच मूल ‘ढ’ ठरतं, कारण तिथे त्याला येत असलेलं काही विचारलंच जात नाही. कुरणावर गेलेल्या शिक्षकाला मात्र हे मूल काय जाणतं ते दिसायचं, आणि गुरांच्या संख्येपासून गणित सुरू करता यायचं. ताराबाईंना १९६२मध्ये पद्मभूषण मिळालं आणि १९७३ साली त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली.

मूल प्रश्न कसे विचारतं याचा अभ्यास तोवर जगात इतरत्रही सुरू झाला होता. त्यातली एक हकिगत मला फार मोलाची वाटते. १९२४ साली केंब्रिजमध्ये माल्टिंग हाउस नावाची एक छोटी शाळा निघाली. सूझन आयझॅक्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पहिली तीन वर्षं ती चालवली आणि मुलं काय बोलली, काय केलं याच्या बारीक नोंदी ठेवल्या. १९२५च्या जुलैत शाळेतला एक ससा मेला. एका मुलाने सांगितलं, तो मेलाय, कारण त्याचं पोट आता वरखाली होत नाही. दुसरा म्हणाला, पाण्यात ठेवला तर जिवंत होईल, वडील सांगतात. बाईंनी त्याला खोडलं नाही. करून बघू म्हणाल्या. ससा पाण्यात ठेवला. पाण्याच्या ओढीने तो फिरू लागला तशी काही मुलं ओरडली, हलतोय, म्हणजे जिवंत आहे! तेव्हा बाईंनी एक छोटी काठी पाण्यात टाकली. काठीही फिरू लागली. काठी तर जिवंत नाही, हे मुलांनी कबूल केलं. मग सगळ्यांनी मिळून खड्डा खणला आणि सशाला पुरलं. दुसऱ्या दिवशी दोन मुलं तिथे पुन्हा खणू लागली, पण ससा आता आभाळात गेला असणार असं म्हणत मध्येच कंटाळली. बाई म्हणाल्या, आहे का तिथे ते पाहू या, आणि स्वतःही खणू लागल्या. ससा तिथेच होता. मुलांना त्याचं फार नवल वाटलं.

या प्रसंगातली बाईंची कामगिरी किती थोडक्यात आटपते पाहा. मृत्यू म्हणजे काय यावर एक वाक्य नाही. वडिलांना खोटं पाडलेलं नाही. मुलांना वाऱ्यावरही सोडलेलं नाही. नेमक्या क्षणी एक काठी टाकली आणि नेमक्या क्षणी खणायला हात लावला. हे सुचायला मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते आधी नीट ऐकलेलं असावं लागतं. ‘मुलांना मोकळं सोडा, ती आपोआप शिकतात’ असं म्हणणारी माणसं भेटतात तेव्हा मला ही काठी आठवते. आपोआप फार थोडं होतं.

केंब्रिजची ती मुलं प्राध्यापकांची होती. श्रमिकांच्या मुलांचं काय, याचं उत्तर बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज यांच्या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. चार वर्षांच्या आतबाहेरच्या ३० मुलींचं बोलणं त्यांनी घरी आणि बालवाडीत ध्वनिमुद्रित केलं. निम्म्या मध्यमवर्गीय घरांतल्या, निम्म्या कामगारांच्या. या मुली घरी आईला तासाला सरासरी २६ प्रश्न विचारत होत्या. बालवाडीत बाईंना तासाला २. कामगारांच्या घरात बोलणं नसतं, मुलाला भाषा शाळेत मिळते, असं त्या काळी तिथले शिक्षणतज्ज्ञ धरून चालत. ध्वनिमुद्रणात उलटंच निघालं. खिडक्या पुसणाऱ्याला पैसे कोण देतं आणि का देतं, हे उलगडून घेण्यासाठी एक चिमुरडी कामगाराची मुलगी आईला प्रश्नांवर प्रश्न विचारते, अडते, पुन्हा विचारते. पैसा आणि काम यांचा संबंध ती स्वतः जुळवत होती. बालवाडीत तीच मुलगी जवळजवळ गप्प. तिथे प्रश्न बाई विचारत होत्या आणि त्यांची उत्तरं बाईंना आधीच ठाऊक होती.

तिसरा प्रयोग अलीकडचा, २०११ साली प्रसिद्ध झालेला. एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक खेळणं बनवलं. त्यात चार गमती होत्या. एक नळी ओढली की आवाज व्हायचा, एका ठिकाणी दिवा लागायचा, एका ठिकाणी सूर वाजायचे, एकीकडे आत आरसा होता. काही मुलांना सांगितलं, ‘हे कसं चालतं ते दाखवते हं’, आणि आवाजाची नळी ओढून दाखवली. काहींसमोर ती नळी जणू चुकून ओढली गेली. काहींना नुसतंच खेळणं दिलं. ज्यांना रीतसर शिकवलं होतं ती मुलं ती नळी ओढत बसली. बाकीच्यांनी खेळणं जास्त वेळ हाताळलं आणि उरलेल्या गमती जास्त शोधल्या. शिकवलेल्या मुलांचंही काही चुकलं नाही. जाणत्या माणसाने एकच गोष्ट दाखवली, म्हणजे दाखवण्याजोगी तेवढी एकच असणार, असा रास्त निष्कर्ष त्यांनी काढला. शिकवण्यात हा धोका असतो. मूल आपल्यावर विश्वास ठेवतं, आणि त्या विश्वासापायी शोधणं थांबवतं.

तरी काही गोष्टी सांगाव्याच लागतात. विळी धारदार आहे आणि विजेच्या तारेला हात लावायचा नाही, हे करून बघायचं नसतं. ‘क’ असा का लिहायचा, हे कोणतंही मूल चिंतन करून शोधून काढणार नाही. लिपी ही माणसांनी ठरवलेली गोष्ट आहे आणि ती जाणत्याने नेणत्याला द्यायची असते. जिज्ञासेच्या नावाखाली वाचन शिकवायचं लांबवत नेणाऱ्या काही शाळा मी पाहिल्या आहेत. त्यांचं नुकसान सुशिक्षित घरं शिकवणी लावून भरून काढतात, इतर घरांना ते जमत नाही.

या लेखाच्या निमित्ताने डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या अंगणवाडीत गेले होते. पावसाळा सरत आला होता. एक खोली, पुढे ओटा, बाजूला चूल. सेविका ताई त्याच पाड्यावरच्या, मदतनीसही तिथल्याच. खाऊ वाटून झाला होता आणि ओट्यावर सांडलेली खिचडीची शितं मुंग्या ओढत होत्या.

‘‘ताई, मुंग्या भात चोरतात!’’

‘‘कुठं नेतात गं?’’

पाच-सहा मुलं रांगेमागे सरकत पायरीखालच्या फटीपर्यंत गेली. ताई जागच्या हलल्या नाहीत. मुलं परत येऊन सांगू लागली तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘त्यांना भातच आवडत असेल का?’’ कोणी म्हणालं गूळ, कोणी म्हणालं सुकट. ताईंनी चार पानं मागवली. एकावर भात, एकावर गुळाचा खडा, एकावर सुकट, एकावर मीठ. मग प्रत्येकाने एकेक खडा उचलायचा आणि मुंग्या जिथे जातील असं वाटतं त्या पानाशेजारी ठेवायचा. मिठाशेजारी दोन खडे पडले. एका मुलाला कारण विचारलं तर म्हणाला, मला आवडतं. मग सगळी उकिडवी बसून राहिली. इतक्या लहान मुलांना स्वस्थ बसता येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी ती बैठक पाहायला हवी होती. सुकटीला मुंग्या पहिल्यांदा लागल्या. गुळावर खडा ठेवलेली एक मुलगी हार मानायला तयार नव्हती. तिचं म्हणणं, या तांबड्या आहेत, चावणाऱ्या, म्हणून मासळी खातात. काळ्यांना गूळच लागतो.

‘‘मग काय करायचं?’’ ताईंनी विचारलं.

‘‘काळ्या शोधायच्या.’’

हे सगळं बोलणं वारलीत चाललं होतं, मी मराठीत लिहिते आहे. ती गोष्ट गौण नाही. टिझार्ड-ह्यूजच्या मुलींना घरी आणि बालवाडीत इंग्रजीच होती, तरी त्या बालवाडीत गप्प झाल्या. इथल्या मुलाला घरची भाषा सोडून प्रश्न विचारायला लावलं तर त्याच्या तोंडून प्रश्न निघणारच नाही, निघेल ते पाठ केलेलं उत्तर. अंगणवाडी सेविका त्याच पाड्यावरची असते, हे या योजनेचं फार मोठं बळ आहे, आणि त्याची दखल फारशी कोणी घेत नाही.

हे कुठे शिकलात, असं ताईंना विचारलं. त्यांनी खूप वर्षांपूर्वीच्या एका प्रशिक्षणाची आठवण सांगितली. तिथे त्यांना एका मुलाजवळ तासभर बसवून तो जे करेल तेवढंच लिहायला लावलं होतं. चांगला, हुशार, मस्तीखोर असे शब्द लिहायचे नाहीत, फक्त काय केलं ते. ‘‘पहिल्यांदा कंटाळा आला. मग कळलं की आपण पोरांकडं बघतच नाही.’’

पुढचं बोलणं फोनने तोडलं. पोषण ट्रॅकरमध्ये कुणाची तरी माहिती अडली होती. २०२१च्या मार्चपासून हे ॲप आलं आहे. मुलांची हजेरी, वजन, उंची, आहार, सगळं त्यात भरायचं. त्याखेरीज गरोदर आणि स्तनदा मातांच्या गृहभेटी, घरपोच आहाराचं वाटप, लसीकरणाच्या दिवशी मुलं गोळा करणं, मधूनच येणारी सर्वेक्षणं. यातलं एकही काम मला फालतू वाटत नाही. डहाणू, जव्हार, मोखाड्याने कुपोषणाने गेलेली मुलं पाहिली आहेत. तिथे वजनाची नोंद वेळेवर झाली तर जीव वाचतो. पण तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शिक्षण हे काम याच बाईच्या याच सकाळीत बसवलेलं आहे, आणि त्या कामाचा अहवाल कोणी तातडीने मागत नाही. ज्याची विचारणा होत नाही ते मागे पडतं. मुंग्यांचा तो खेळ त्या दिवशी झाला, कारण ट्रॅकरचा फोन उशिरा आला.

निघताना एक आई दारात आली. मुलाला घ्यायला आली होती, पण तिला ताईंना काही सांगायचं होतं. वहीत काहीच लिहून देत नाही का, पलीकडच्या गावच्या इंग्रजी बालवाडीतली पोरं ए-बी-सी-डी लिहितात, असं तिचं म्हणणं. शिक्षणाबद्दल लिहिणारे आम्ही लोक अशा आईला अडाणी ठरवून मोकळे होतो, आणि ते चूक आहे. या टापूत अंगठ्यांनी जमिनी गेल्या आहेत. सावकाराने पुढे केलेल्या कागदावर काय लिहिलंय हे न कळल्याने पिढ्यान्‌पिढ्या फसवल्या गेल्या. त्या आईला वही म्हणजे संरक्षण वाटतं, आणि तिचं वाटणं रास्त आहे. ताईंनी तिला खाली बसवलं, मुलाने मातीत काढलेल्या रेघा दाखवल्या, बोटांत अजून जोर यायचाय, तो चिखल मळून आणि चिंचोके उचलून येतो, हे समजावलं. अक्षरं कधी सुरू होतील तेही सांगितलं. आईला अर्धं पटलं. उरलेलं अर्धं पटायला पुढच्या शाळेत त्या मुलाला खरोखर वाचता आलं पाहिजे.

शहरात हीच चिंता निराळ्या रूपात दिसते. शिक्षणहक्क कायद्याने शाळाप्रवेशासाठी मुलांची चाळणी लावायला २००९ सालीच मनाई केली, महाराष्ट्राने तर बालवाडीच्या प्रवेशांबाबत १९९६मध्येच कायदा केला होता. तरीही तीन वर्षांच्या मुलाच्या दप्तरात ठिपके जोडायच्या वर्कशीट असतात. पहिलीचा अभ्यास सिनियर केजीत, त्याचा ज्युनियर केजीत, त्याचा नर्सरीत, असा तो खाली घसरत आला आहे. त्याला कंटाळलेले सधन पालक दुसऱ्या टोकाच्या शाळांकडे वळतात. तिथे फलकावर ‘इन्क्वायरी-बेस्ड लर्निंग’ लिहिलेलं असतं, वर्गात वीस मुलांमागे दोन शिक्षिका असतात, मागे बाग असते. त्यातल्या काही शाळा उत्तम काम करतात, हे मी पाहिलेलं आहे. मला खटकतं ते एवढंच, की सान लोरेंझोच्या मजूरवस्तीत, भावनगरच्या बालमंदिरात आणि बोर्डीच्या अंगणात जे उभं राहिलं ते आता लाखाच्या घरातल्या फीला मिळतं, आणि ज्या अंगणांतून ते आलं तिथल्या बाईला त्यासाठी सकाळचा तासभर मिळत नाही.

कागदावर आपण मागे नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एक सलग पायाभूत टप्पा मानला. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये त्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. खेळ, गोष्ट, वस्तू हाताळणं, मुलांचे प्रश्न, घरची भाषा, सगळं त्यात आहे, आणि चांगलं मांडलं आहे. २०२३मध्ये ‘जादुई पिटारा’ ही साहित्याची पेटी आली, त्याच वर्षी अंगणवाडीसाठी ‘पोषण भी पढ़ाई भी’ हा कार्यक्रम. पेट्या पोहोचतात. पेटी उघडून बसायला माणूस मोकळा नसतो.

एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला. त्या पूर्वप्राथमिक शिक्षणाचं काम करतात, ही बाबही न्यायालयाने त्यात विचारात घेतली. तरी त्यांना पगाराऐवजी मानधनच मिळतं. २०२३च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या तेव्हा मागण्या वेतनाच्या आणि पेन्शनच्या होत्या. वर्तमानपत्रांनी ती कामगारांची बातमी म्हणून दिली. माझ्या मते ती शिक्षणाचीही बातमी होती. चार वर्षांच्या मुलाच्या प्रश्नापाशी थांबायचं तर स्वतःचं मन थोडं निवांत लागतं, आणि महिन्याअखेरची विवंचना असलेल्या बाईकडून ते निवांतपण आपण फुकट मागतो आहोत.

करायचं काय, याचं उत्तर फार गूढ नाही. प्रत्येक अंगणवाडीत केवळ शिक्षणासाठी एक दुसरी प्रशिक्षित व्यक्ती असावी. नोंदी आणि गृहभेटी एकीकडे, सकाळचे तीन तास मुलं दुसरीकडे. प्रशिक्षणात व्याख्यानं कमी करून मुलाजवळ बसून लिहायची सवय लावावी, ताईंना लागली तशी. आणि पर्यवेक्षिकेने भेटीला आल्यावर रजिस्टर उघडण्याआधी एक प्रश्न विचारावा, या आठवड्यात मुलांनी काय विचारलं? ज्या दिवशी हा प्रश्न नियमाने विचारला जाईल त्या दिवशी त्याचं उत्तर ठेवण्याची गरजही निर्माण होईल. अनुताईंनी १९८२ साली स्थापन केलेल्या ग्राममंगलने याच डहाणू तालुक्यात, ऐन्याला, आदिवासी मुलांसोबत अशा शिक्षणाचं काम पुढे नेलं आहे. म्हणजे ते कसं करायचं हे शोधायला लांब जावं लागणार नाही.

पाड्यावरच्या त्या ताई पुढच्या महिन्याच्या बीट बैठकीत एक मुद्दा मांडणार आहेत. सकाळी दहा ते अकरा फोन बंद ठेवायची परवानगी मिळावी, ट्रॅकरची माहिती दुपारी भरू. आजूबाजूच्या चार पाड्यांवरच्या सेविका त्यांच्या बाजूने बोलायला तयार आहेत. पर्यवेक्षिका मॅडम वरती विचारून सांगते म्हणाल्या आहेत. आणि काळ्या मुंग्या हापशीजवळच्या आंब्याखाली सापडल्या, असा ताईंचा निरोप परवाच आला. त्यांना गूळ घालून झाला. आता त्या मुलीचं म्हणणं आहे की सुकटही घालून बघायला पाहिजे, नाहीतर कसं कळणार.